आइस हॉकीचं टीव्हीवरचं समालोचन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टोरांटो, न्यू जर्सी, सॅन होजे अशा ठिकाणी नव्याने राहायला आलेली मराठी मंडळी आणि भारतात बसून हायलाइट्स बघणारे वाचक मला हॉकीच्या नियमांपेक्षा तिच्या समालोचनाबद्दल जास्त विचारतात. मला त्याचा आनंदच वाटतो, कारण हा खेळ डोळ्यांआधी कानाला कळतो असं माझं ठाम मत आहे. खाली 'हॉकी' म्हणजे आइस हॉकी आणि 'लीग' म्हणजे एनएचएल, कॅनडा-अमेरिकेतल्या ३२ संघांची व्यावसायिक लीग. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगितलेलं नाही, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कॉमेंट्री करायला नक्की किती जण असतात? कोण काय करतं?

वर बॉक्समध्ये बहुतेक वेळा दोघं. एक जण चालू खेळ सांगतो, त्याला प्ले-बाय-प्ले म्हणतात. दुसरा विश्लेषक, इकडच्या भाषेत कलर कॉमेंटेटर. तो सहसा माजी खेळाडू किंवा प्रशिक्षक असतो. मोठ्या सामन्याला आणखी एक विश्लेषक खाली बर्फालगत उभा राहतो (प्रश्न ६) आणि एक वार्ताहर मुलाखती घेत फिरत असतो.

क्रिकेटमध्ये दोन चेंडूंच्या मधे गप्पांना जागा असते. हॉकीत ती नाही. पक (चेंडूच्या जागी असलेली रबरी चकती) पळत असेपर्यंत विश्लेषकाने तोंड मिटून बसायचं, शिट्टी वाजली की मिळालेल्या दहा-पंधरा सेकंदांत मुद्दा सांगून मोकळं व्हायचं. चांगली जोडी यावरूनच ओळखता येते.

न दिसणारी माणसं याहून कितीतरी जास्त. रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या, बाहेर उभ्या असलेल्या ट्रकमध्ये दिग्दर्शक कॅमेरे निवडतो आणि निर्माता कुठला रिप्ले दाखवायचा ते ठरवतो. बॉक्समधल्या दोघांच्या कानात या ट्रकमधल्या सूचना सामनाभर चालू असतात. कानात एक ऐकत तोंडाने दुसरंच बोलायचं, ही त्यांची रोजची कसरत आहे.

२. इतक्या वेगात खेळाडू ओळखतात तरी कसे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि त्याचं उत्तर द्यायला मला सगळ्यात जास्त आवडतं.

तयारी सकाळी सुरू होते. सामन्याच्या दिवशी संघ हलका सराव करतात, त्याला मॉर्निंग स्केट म्हणतात. समालोचक तिथे बसून कोण कोणाच्या सोबत खेळतोय ते टिपून घेतो. संघात साधारणपणे तीन-तीन फॉरवर्डच्या चार फळ्या आणि दोन-दोन बचावपटूंच्या तीन जोड्या असतात, म्हणजे १८ स्केटर आणि वर दोन गोली, म्हणजे गोलरक्षक. ही मांडणी रात्री त्याच्या समोरच्या पुठ्ठ्यावर लिहिलेली असते. नाव, नंबर, मोसमातले गोल, दोन-चार आठवणी, सगळं एका नजरेत मावेल असं.

एक फळी बर्फावर जेमतेम पाऊण मिनिट टिकते. मग खेळ न थांबता गडी बदलतात. मधला गडी ओळखला की त्याच्या दोन्ही बाजूंना कोण असणार हे समालोचकाला पाठ असतं, म्हणजे एका ओळखीत तीन नावं हाती लागतात. नंबर दिसला नाही तरी अडत नाही. काठी डाव्या बाजूला धरतो की उजव्या, गुडघ्यात किती वाकून पळतो, वळताना खांदा कसा टाकतो, यावरून माणूस कळतो. आपल्या वाड्यातला माणूस जिन्यावरच्या पावलांवरून ओळखू येतो, तसंच.

नावांचे उच्चार हा वेगळा अभ्यास. लीगमध्ये फिनलंड, स्वीडन, चेकिया, रशिया, स्लोव्हाकिया इथले खेळाडू भरपूर. लीग उच्चारांची यादी पुरवते, तरी चांगला समालोचक खेळाडूलाच जाऊन विचारतो.

आणि मग शब्दसंपत्ती. अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीचे माइक एमरिक, सगळे त्यांना 'डॉक' म्हणतात कारण त्यांच्याकडे खरोखर पीएचडी आहे, पक एका काठीवरून दुसऱ्या काठीवर गेल्याचं सांगायला एकच क्रियापद सहसा लागोपाठ वापरायचे नाहीत. ढकलला, सरकवला, टोलवला, भिरकावला, चेपला, असं इंग्रजीत मिनिटभर चालायचं आणि प्रत्येक शब्द त्या हालचालीला चपखल बसायचा. २०२० मध्ये ते निवृत्त झाले. त्यांचे जुने सामने शोधून जरूर ऐका.

३. मला टीव्हीवर पक दिसतच नाही. काय करू?

पक शोधू नका. तो साडेसात सेंटिमीटर व्यासाचा आणि अडीच सेंटिमीटर जाडीचा काळा रबरी तुकडा आहे आणि जवळच्या कुंपणापाशी गेला की मुख्य कॅमेऱ्याला तो दिसतच नाही. सरावलेले प्रेक्षकही खेळाडूंच्या माना कुठे वळतात त्यावरून त्याचा अंदाज घेतात.

त्यापेक्षा आवाजाच्या मागे जा. रिंकमध्ये दोन निळ्या रेषा असतात. त्यांच्या मधल्या पट्ट्यात पक असला की समालोचक सपाट सुरात नुसती नावं घेत जातो. निळी रेषा ओलांडून हल्ला सुरू झाला की सूर अर्धी पायरी चढतो. गोलसमोर पक आला की पूर्ण वाक्यं संपतात, उरतात एकेक शब्द. एका सामन्यात फक्त हा चढउतार ऐका. पुढच्या सामन्यात तुम्ही स्वयंपाकघरातूनही धावत येऊन बरोबर वेळेला टीव्हीसमोर हजर व्हाल.

४. पूर्वी टीव्हीवर पक चमकायचा म्हणतात. खरं का?

खरं आहे. अमेरिकेत फॉक्स वाहिनीकडे हक्क होते तेव्हा, जानेवारी १९९६ मध्ये बॉस्टनच्या ऑल-स्टार सामन्यात तो पहिल्यांदा दिसला. पक कापून आत बॅटरी आणि इन्फ्रारेड दिवे बसवले होते. पडद्यावर पकभोवती निळं वलय दिसायचं आणि वेग ताशी ७० मैलांच्या वर गेला की मागे लाल शेपूट. नव्या प्रेक्षकांना ते आवडलं, जुने मात्र भडकले, कॅनडात तर फारच. १९९८ मध्ये तो प्रकार बंद झाला.

त्या चमूतल्या लोकांनी पुढे अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर टीव्हीत दिसणारी पिवळी रेषा तयार केली. आणि पकच्या आतला सेन्सरही परत आला आहे. हल्ली लीगच्या पकमध्ये आणि खेळाडूंच्या अंगावर तो असतो, पण त्यातून फक्त वेग-अंतराचे आकडे काढतात. पडद्यावर पक काळाच राहतो, आणि तेच योग्य आहे.

५. एकाच सामन्याची दोन-दोन वेगळी कॉमेंट्री का असते? आणि ती इतकी एकतर्फी का वाटते?

नियमित मोसमातले बरेच सामने स्थानिक वाहिन्यांवर दाखवले जातात आणि यजमान आणि पाहुणा संघ आपापले समालोचक आणतात. कॅमेरे बरेचसे सामाईक, आवाज वेगळे. स्थानिक समालोचकाला तुम्ही तटस्थ पंच समजू नका. तो मोसमभर त्याच संघाबरोबर विमानाने फिरतो, त्याचे ऐकणारे त्याच गावचे असतात. बफेलोचे रिक जीनरेट १९७१ पासून २०२२ पर्यंत एकाच संघाचे समालोचक होते. त्यांनी सेबर्सचा, म्हणजे बफेलोच्या संघाचा, गोल थंडपणे सांगितला असता तर बफेलोच्या लोकांना परकं वाटलं असतं.

राष्ट्रीय प्रक्षेपणात मात्र तोल अपेक्षित असतो. दोन्ही गावं ऐकत असतात आणि दोन्ही गावांची तक्रार असते की हे समोरच्यांच्या बाजूचे आहेत. दोन्हीकडून तक्रार आली म्हणजे काम ठीक झालं, असं मी धरते.

६. दोन्ही संघांच्या बाकांच्या मधे हेडफोन लावून उभा असतो तो कोण?

तोही विश्लेषकच. दोन बाकांच्या मधे जेमतेम एका-दोघांपुरती फट असते. वरच्यांना जे ऐकू येत नाही ते तिथे ऐकू येतं. प्रशिक्षक कोणावर ओरडला, कोण लंगडत परत आला, बर्फ मऊ पडलाय का. अमेरिकेत ही जागा एनबीसीकडे हक्क होते त्या काळात रूढ झाली.

तिथे उभं राहायला अनुभव लागतो, कारण पक थेट अंगावर येऊ शकतो. टीएनटी या अमेरिकन वाहिनीचे ब्रायन बूशे माजी गोली आहेत. २००३-०४ च्या मोसमात फिनिक्सकडून खेळताना त्यांनी सलग पाच सामने आणि एकूण ३३२ मिनिटं १ सेकंद एकही गोल होऊ दिला नव्हता. ईएसपीएनचे रे फेरारो यांच्या नावावर लीगमधले ४०८ गोल आहेत. ते बोलायला लागले की मी आवाज वाढवते. गोल झाल्यावर 'छान मारला' एवढ्यावर ते थांबत नाहीत. बचावपटूची काठी दोन सेकंद आधी चुकीच्या बाजूला होती, हे ते दाखवून देतात.

७. खेळ चालू असताना मधेच जाहिरातींसाठी थांबवतात का?

पळता पक कधीच थांबवत नाहीत. २० मिनिटांच्या प्रत्येक पिरियडमध्ये जाहिरातींचे तीन थांबे ठरलेले आहेत. घड्याळ उलटं चालतं. १४, १० आणि ६ मिनिटं उरलेली असण्याच्या खुणा ओलांडल्यावर जी पहिली शिट्टी वाजेल, तिथे हा थांबा येतो.

अपवाद महत्त्वाचे आहेत. गोल झाल्यावर जाहिरात नाही, कारण वातावरण तापलेलं असतं. आइसिंगच्या (आपल्या अर्ध्या भागातून पक थेट समोरच्या गोलरेषेपलीकडे भिरकावण्याच्या) शिट्टीवर नाही, कारण आइसिंग करणाऱ्या संघाला गडी बदलता येत नाहीत आणि जाहिरात दिली तर दमलेल्यांना फुकट विश्रांती मिळेल. पॉवर प्ले, म्हणजे शिक्षेमुळे एका संघाचा गडी कमी असतानाचा खेळ, चालू असतानाही नाही. म्हणून कधीकधी बराच वेळ जाहिरातच येत नाही आणि मग दोन थांबे जवळजवळ लागून येतात. वाहिनीने काही लबाडी केलेली नसते, खेळच थांबलेला नसतो.

८. दोन मध्यंतरं आणि त्यात एवढी चर्चा कशासाठी?

मध्यंतर १८ मिनिटांचं, कारण झांबोनी यंत्राने बर्फ नव्याने गुळगुळीत करावा लागतो. तेवढा वेळ स्टुडिओतल्या मंडळींचा. कॅनडात या वेळाला स्वतःची परंपरा आहे. रॉन मॅक्लीन आणि डॉन चेरी यांचा 'कोचेस कॉर्नर' पहिल्या मध्यंतरात लागायचा आणि अनेक घरांत सामन्यापेक्षा त्याची जास्त वाट पाहिली जायची. चेरींनी स्थलांतरितांबद्दल केलेल्या वक्तव्यानंतर नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यांना काढण्यात आलं. बाहेरून येऊन इथे घर केलेल्या आपल्यासारख्यांना तो निर्णय जवळचा वाटला, हे लपवायचं कारण नाही.

अमेरिकेत टीएनटीचं पॅनल मोकळंढाकळं. पॉल बिसोनेट, अॅन्सन कार्टर, हेन्रिक लुंडक्विस्ट हे माजी खेळाडू एकमेकांची थट्टा करत खेळ समजावतात. नवशिक्याने आधी ते पाहावं.

९. 'हॉकी नाइट इन कॅनडा' हे नेमकं काय प्रकरण आहे?

शनिवार रात्रीचं हॉकीचं प्रक्षेपण. मूळ रेडिओवरचं. टीव्हीवर ते ऑक्टोबर १९५२ मध्ये आलं. पहिल्यांदा मॉन्ट्रियलहून फ्रेंचमध्ये, रने लकाव्हालिए यांच्या आवाजात, आणि १ नोव्हेंबरला टोरांटोहून इंग्रजीत. सुरुवातीला टीव्हीवर सामना पहिल्यापासून दाखवतच नव्हते. तिकीटविक्रीला फटका बसेल या भीतीने खेळ बराच पुढे गेल्यावर प्रक्षेपण सुरू व्हायचं.

सामना संपल्यावर 'थ्री स्टार्स' म्हणून तीन खेळाडू निवडतात ना? ती प्रथा रेडिओच्या काळात प्रायोजक इंपीरियल ऑइलच्या 'थ्री स्टार' पेट्रोलची जाहिरात म्हणून आली आणि आज जगभर पसरली आहे.

आता घोटाळा होतो तो इथे. कार्यक्रम सीबीसी या कॅनडाच्या सार्वजनिक वाहिनीवर दिसतो, पण हक्क सीबीसीचे नाहीत. रॉजर्स या दूरसंचार कंपनीने २०१४-१५ पासून १२ वर्षांसाठी ५२० कोटी कॅनेडियन डॉलर मोजून लीगचे राष्ट्रीय हक्क घेतले आणि एप्रिल २०२५ मध्ये पुढच्या १२ वर्षांसाठी १,१०० कोटींचा नवा करार जाहीर झाला. त्यामुळे समालोचक रॉजर्सच्या स्पोर्ट्सनेटचे. प्रमुख जोडी ख्रिस कथबर्ट आणि क्रेग सिम्प्सन.

१०. पहिलं समालोचन फॉस्टर ह्यूइट यांनीच केलं ना?

नाही, जरी इथले निम्मे लोक तसं सांगतात. फेब्रुवारी १९२३ मध्ये टोरांटोत नॉर्मन अल्बर्ट यांनी एका सामन्याचा शेवटचा पिरियड रेडिओवर सांगितला. मार्चमध्ये रेजायना इथे पीट पार्कर यांनी पूर्ण सामना सांगितला. ह्यूइट त्याच वर्षी सुरू झाले.

पण कलेला आकार दिला तो ह्यूइट यांनीच. 'ही शूट्स, ही स्कोअर्स!' हे त्यांच्यामुळे घराघरात गेलं. १९३१ मध्ये टोरांटोचं मेपल लीफ गार्डन्स उभं राहत असताना आपण किती उंचीवर बसावं हे ठरवायला ते ईटन्स या मोठ्या दुकानाच्या इमारतीत मजल्यामागून मजला चढत गेले आणि खिडकीतून रस्त्यावरची माणसं बघत राहिले. पाचव्या मजल्यावरून माणसं ओळखूही येतात आणि सगळा रस्ताही दिसतो असं त्यांना वाटलं. म्हणून बर्फापासून ५६ फुटांवर त्यांचा बॉक्स टांगला गेला. त्याला गोंडोला म्हणत. १९७९ मध्ये तो तोडून टाकला, याची हळहळ टोरांटोत अजून आहे. समालोचकांना १९८४ पासून हॉकी हॉल ऑफ फेममध्ये मिळणारा सन्मान त्यांच्याच नावाचा आहे.

११. 'हॉकी नाइट'ची ती प्रसिद्ध सुरावट सीबीसीवर का ऐकू येत नाही?

डोलोरेस क्लेमन यांनी १९६८ मध्ये ती रचली. सीबीसीबरोबर परवान्यावरून बोलणी फिसकटली आणि २००८ मध्ये सीटीव्ही या खासगी वाहिनीने तिचे हक्क विकत घेतले. तेव्हापासून ती टीएसएन या क्रीडा वाहिनीवर वाजते. पन्नाशीच्या पुढचे कॅनेडियन लोक हा विषय काढल्यावर अजून हळवे होतात.

१२. इतिहासातले कोणते क्षण ऐकलेच पाहिजेत?

माझी निवड सांगते, वाद घालायला हरकत नाही.

२८ सप्टेंबर १९७२, मॉस्को. कॅनडा आणि सोव्हिएत संघाची आठ सामन्यांची मालिका, शेवटच्या सामन्यात ३४ सेकंद बाकी. टीव्हीवर ह्यूइट होते, सत्तरीला टेकलेले, या मालिकेसाठी निवृत्तीतून परत बोलावलेले. 'हेंडरसन हॅज स्कोअर्ड फॉर कॅनडा!' हे म्हणताना तो वयस्कर आवाज फाटतो. तेवढं एक वाक्य कॅनडाच्या तीन पिढ्यांना पाठ आहे. त्या मालिकेला रेडिओवर तरुण बॉब कोल होते. पुढे जानेवारी १९७६ मध्ये फिलाडेल्फियात मॉस्कोचा रेड आर्मीचा संघ खेळ अर्धवट टाकून निघाला तेव्हा 'दे आर गोइंग होम!' म्हणणारे तेच. कोल २०२४ मध्ये गेले.

२२ फेब्रुवारी १९८०, लेक प्लॅसिड. अमेरिकेच्या कॉलेजातल्या मुलांनी सोव्हिएत संघाला ४-३ हरवलं आणि अॅल मायकल्स यांनी विचारलं, 'डू यू बिलीव्ह इन मिरॅकल्स?' मायकल्स मूळचे हॉकीचे नव्हेत. १९७२ च्या सप्पोरो ऑलिंपिकमध्ये हॉकीचा सामना सांगितलेला होता म्हणून हे काम त्यांच्याकडे आलं. आणि बहुतेकांना ठाऊक नसलेली गोष्ट अशी की सामना संध्याकाळी पाचला झाला, अमेरिकेत टीव्हीवर तो रात्री आठनंतर लागला. लोकांनी 'थेट' म्हणून आठवणीत जपलेला तो क्षण ध्वनिमुद्रित होता.

१९९३ चा बफेलोचा 'मे डे!' ऐका. ब्रॅड मे या खेळाडूने जादा वेळेत बॉस्टनला बाद केलं आणि जीनरेट यांनी त्याचं आडनाव आणि संकटातली हाक एकत्र केली, तीही त्या क्षणी, आधी न ठरवता. आणि २८ फेब्रुवारी २०१०, व्हँकूव्हर ऑलिंपिकचा सुवर्णपदकाचा सामना, सिडनी क्रॉस्बीचा गोल, आवाज ख्रिस कथबर्ट. कथबर्ट गोल सांगतात आणि मग गप्प होतात, बराच वेळ फक्त गर्दी ऐकू देतात. असं गप्प राहणं सगळ्यात कठीण.

१३. पंजाबीत कॉमेंट्री असते ती कशी सुरू झाली? मराठीत होईल का?

२००८ मध्ये सीबीसीने पंजाबीतून हॉकी नाइट सुरू केलं. मुख्य आवाज हरनारायण सिंग, अल्बर्टातल्या ब्रुक्स या छोट्या गावात वाढलेले. सुरुवातीच्या दिवसांत ते दर शनिवार-रविवारी कॅलगरीहून टोरांटोला विमानाने यायचे, स्वतःच्या खिशातून तिकीट काढून. का, तर दूर राहतो म्हणून काम हातचं जाऊ नये.

ते पंजाबीत नुसतं भाषांतर करत नाहीत. पकला ते 'टिक्की' म्हणतात, जोरकस फटक्याला 'चपेड शॉट'. गोल झाला की 'मारया शॉट, कीता गोल!' आजीपासून नातवापर्यंत सगळे एका सोफ्यावर बसून बघू लागले ते यामुळे. ज्या घरात हॉकी फक्त मुलांची होती, तिथे ती सगळ्यांची झाली.

मे २०१६ मध्ये, लीगच्या विजेतेपदाच्या, म्हणजे स्टॅनली कपच्या, अंतिम फेरीच्या पहिल्याच सामन्यात पिट्सबर्गच्या निक बोनिनोने अडीच मिनिटं बाकी असताना निर्णायक गोल केला. हरनारायण यांनी 'बोनिनो, बोनिनो, बोनिनो' असा एका श्वासात जो गजर केला, तो दुसऱ्या दिवशी साऱ्या उत्तर अमेरिकेत वाजत होता. पिट्सबर्गने कप जिंकल्यावर विजयसोहळ्याला पंजाबी चमूला सन्मानाने बोलावलं. २०२१ मध्ये हरनारायण लीगच्या इंग्रजी प्रक्षेपणात प्ले-बाय-प्ले करणारे पहिले शीख ठरले.

मराठीचं म्हणाल, तर ब्रॅम्प्टन, सरे, कॅलगरी इथे पंजाबी बोलणाऱ्यांची मोठी वस्ती आहे आणि जाहिरातदार तिथूनच आले. मराठी माणसं टोरांटो परिसरात आणि न्यू जर्सीत बरीच आहेत, पण विखुरलेली. वाहिनी आपल्याकडे येईल याची वाट बघू नका. महाराष्ट्र मंडळाच्या हॉलमध्ये पडदा लावून, आवाज बंद करून, एखाद्या हौशी पोराच्या हातात माइक द्या. मराठीत क्रिकेटचं समालोचन बाळ ज. पंडितांनी रेडिओवर रुजवलं तेव्हा तेही नवंच होतं.

१४. स्त्रिया कॉमेंट्री करतात का?

करतात, आणि उशिरा सुरुवात झाली याबद्दल खंत वाटावी इतकं चांगलं करतात. ऑक्टोबर २००६ मध्ये बफेलोतल्या हिमवादळात नेहमीचे विश्लेषक हॅरी नील अडकले आणि कॅसी कॅम्पबेल ऐनवेळी बॉक्समध्ये बसल्या. हॉकी नाइटच्या त्या पहिल्या महिला विश्लेषक. बदली म्हणून आल्या खऱ्या, पण त्या दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकणाऱ्या कॅनडा संघाच्या कर्णधार होत्या. २००९ मध्ये शेरी रॉस यांनी न्यू जर्सी डेव्हिल्सचा पूर्ण सामना रेडिओवर सांगितला. ८ मार्च २०२० ला स्पोर्ट्सनेट आणि एनबीसी दोघांनीही समालोचनासाठी पूर्ण महिला चमू बसवला आणि २०२१ मध्ये लिआ हेक्स्टॉल ईएसपीएनच्या राष्ट्रीय प्रक्षेपणात प्ले-बाय-प्ले करू लागल्या.

१५. पैसे भरूनही माझ्याच शहरातला सामना दिसत नाही. का?

याला ब्लॅकआउट म्हणतात आणि चीड येणं साहजिक आहे. प्रत्येक संघाला एक भूभाग नेमून दिलेला असतो. त्या भागात तो सामना दाखवायचा हक्क स्थानिक वाहिनीचा. तुम्ही न्यू जर्सीत राहून देशभरचे सामने दाखवणारी स्ट्रीमिंग सेवा घेतली, तर तिच्यावर डेव्हिल्सचे स्थानिक सामने बंद असतात. त्यासाठी स्थानिक वाहिनीच हवी. कॅनडात उलटा अनुभव येतो. टोरांटोत राहून ओटावाचा स्थानिक सामना बघायला गेलात तर तो तुमच्या भागाबाहेरचा ठरतो. शनिवारच्यासारखे राष्ट्रीय सामने यातून सुटतात.

अमेरिकेत २०२३ मध्ये स्थानिक क्रीडा वाहिन्यांची एक मोठी कंपनी दिवाळखोरीत गेली. त्याच सुमारास वेगाससारखे काही संघ साध्या अँटेनावर फुकट दिसणाऱ्या वाहिन्यांवर गेले. सदस्यत्व घेण्याआधी आपल्या संघाचं यंदाचं वेळापत्रक तपासा.

१६. प्लेऑफ्स आले की आमचे नेहमीचे समालोचक गायब होतात. कुठे जातात?

प्लेऑफ्स म्हणजे नियमित मोसमानंतरच्या बाद फेऱ्या. अमेरिकेत स्थानिक वाहिन्यांना फक्त पहिल्या फेरीपर्यंत सामने दाखवता येतात. पुढचं सगळं राष्ट्रीय वाहिन्यांचं. २०२१-२२ पासून ते हक्क ईएसपीएन-एबीसी आणि टीएनटीमध्ये वाटलेले आहेत, सात वर्षांसाठी. अंतिम फेरी सम वर्षी एबीसीवर, विषम वर्षी टीएनटीवर. २०२४ ला शॉन मॅक्डोना आणि फेरारो होते, २०२५ ला केनी अल्बर्ट, एडी ओल्चिक आणि बूशे. दोन्ही वर्षी संघ मात्र तेच, फ्लोरिडा आणि एडमंटन.

तुमचे लाडके समालोचक रेडिओवर सापडू शकतात. रेडिओचे स्थानिक हक्क शेवटपर्यंत संघाकडेच राहतात (प्रश्न २०).

१७. समालोचक खरंच रिंकमध्ये असतात का, की स्टुडिओतून बोलतात?

बहुतेक वेळा रिंकमध्ये. २०२० मध्ये कोविडमुळे सगळे प्लेऑफ्स टोरांटो आणि एडमंटनमध्ये बंद दाराआड झाले, तेव्हा एमरिक यांनी मिशिगनमधल्या आपल्या घरातून पडद्याकडे बघत समालोचन केलं. तेव्हापासून खर्च वाचवायला काही वाहिन्या दूरच्या सामन्यांना ही पद्धत वापरतात. कानाला फरक कळतो. पडद्यावरून बोलणाऱ्याला कॅमेऱ्याबाहेर गडी बदलताना दिसत नाहीत, त्यामुळे नाव अर्धा सेकंद उशिरा येतं.

१८. कुंपणावरच्या जाहिराती हलतात. प्रत्यक्ष रिंकमध्येही तसंच असतं?

नाही. २०२२-२३ पासून लीग टीव्हीच्या चित्रात संगणकाने जाहिराती बसवते. रिंकमध्ये बसलेल्याला वेगळ्या, स्थिर जाहिराती दिसतात. खेळाडू कुंपणाला चिकटला की कधीकधी त्याच्या कडा थरथरतात. तुमचा टीव्ही बिघडलेला नाही.

१९. गोल झाला म्हणून समालोचक ओरडले आणि मग रद्द झाला. त्यांना आधी कळत नाही का?

नाही, त्यांच्याकडेही तेच रिप्ले असतात. हल्ल्याच्या सुरुवातीला कोणी ऑफसाइड होतं (पकच्या आधीच निळी रेषा ओलांडून गेलं होतं) किंवा गोलीला अडथळा झाला, असं वाटलं तर प्रशिक्षक दाद मागतो. अंतिम निर्णय टोरांटोतल्या लीगच्या कक्षातून येतो. त्या दोन-तीन मिनिटांत नियम समजावायला ईएसपीएनने २०२१ मध्ये माजी रेफरी डेव्ह जॅक्सन यांना घेतलं. रेफरीच्या डोक्यात काय चाललंय हे ते निकालाआधी सांगतात आणि का तेही सांगतात. शूटआउटचा, म्हणजे बरोबरी फोडायला एकेका खेळाडूने गोलीसमोर घेतलेल्या फटक्यांचा, अपवाद लक्षात ठेवा. त्यात समालोचक 'गोल' म्हणतात, पण तो खेळाडूच्या खात्यावर जमा होत नाही. विजेत्या संघाच्या धावफलकावर फक्त एक गोल वाढतो.

२०. टीव्हीचा आवाज बंद करून रेडिओची कॉमेंट्री लावता येईल का?

येते, आणि जुने रसिक प्लेऑफ्समध्ये हेच करतात. रेडिओचा समालोचक जास्त सांगतो. पक कोणत्या बाजूला आहे, कोणता संघ कुठल्या दिशेला चाललाय, वेळ किती उरला, हे तो सारखं घोकतो, कारण ऐकणाऱ्याला दुसरा आधार नाही. नवशिक्याला टीव्हीपेक्षा तो लवकर समजतो. काही संघांचं टीव्ही आणि रेडिओवर एकच समालोचन असतं, डॅलस आणि बफेलोची तशी परंपरा आहे. तिथे या खटाटोपाचा उपयोग नाही.

अडचण वेळेची. साधा रेडिओ टीव्हीच्या पुढे धावतो, मोबाइलवरचं स्ट्रीमिंग सहसा मागे पडतं. फेसऑफला, म्हणजे खेळ सुरू करायला दोन खेळाडूंच्या मधे, पक खाली पडतो त्या क्षणाची खूण धरा. रेडिओ पुढे असेल तर थांबवून परत चालू करता येणाऱ्या अॅपवर तो ऐका आणि तेवढा वेळ थांबवा. तो मागे असेल तर टीव्ही तेवढा थांबवा. प्रत्येक मध्यंतरानंतर एकदा जुळवून घ्यावं लागतं.